बाई, नदी एवढी रुंद होती का?

फळ्यावर मी अमेरिकेतली ग्रँड कॅन्यनची दरी साठ-एक वेळा तरी काढली असेन. दर वर्षी दोन तुकड्या, नोकरीची एकतीस वर्षं. दोन उभ्या रेघा, तळाशी निळ्या खडूनं बारीकशी कोलोरॅडो नदी, बाजूला बाण काढून ‘उभे कडे’ असं नाव. ‘नदीचे कार्य’ या धड्यात घळईच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं यायची. परीक्षेत ‘टीप लिहा’मध्ये ती यायची आणि मुलं तेवढ्यापुरतं पाठ करायची. पाहिलेली कोणीच नव्हती. मीही नाही.

आमची शाळा जुन्नर तालुक्यातली. एका वर्षी मी आकृतीशेजारी आकडे लिहिले: लांबी 446 किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी 29 किलोमीटर, खोली सुमारे 1600 मीटर. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. हा एरवी फारसा बोलणारा नव्हता. म्हणाला, “बाई, नदी एवढी रुंद होती का?” वर्ग हसला. त्याचा मुद्दा अगदी सरळ होता. करवतीनं लाकूड कापलं तर खाच पात्याएवढीच पडते. नदीनं दगड कापला म्हणता, तर दरी नदीएवढीच रुंद व्हायला हवी. मग 29 किलोमीटर कुठून आले?

मी म्हणाले, “लाखो वर्षं लागतात त्याला. बस खाली.”

तो बसला. मला खरं उत्तर येत नव्हतं, आणि ते येत नाही हेही मला तेव्हा कळलं नव्हतं. मी नदी रुंद आहे असंही म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. नुसती वर्षं त्याच्या अंगावर टाकली.

माझा मुलगा अमेरिकेत फिनिक्सला राहतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडे गेले तेव्हा त्यानं विचारलं, “आई, तुझी ती फळ्यावरची दरी बघायची ना?” फिनिक्सहून गाडीनं साधारण साडेतीन-चार तास. निघालो तेव्हा अर्ध्या बाह्या, पंखा, निवडुंगाचे खांब. फ्लॅगस्टाफ आलं तशी उंच पाइनची झाडं सुरू झाली आणि पोचलो तेव्हा सून माझ्या खांद्यावर शाल टाकत होती. दक्षिणेकडचा काठ समुद्रसपाटीपासून 2100 मीटरवर आहे हे मला माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि कानशिलं गार पडणं वेगळं.

काठावर गेल्यावर लोक काय काय म्हणतात ते मी सांगत बसत नाही. मराठीत त्यावर पुरेशी ‘अहाहा’ लिहून झाली आहे. माझ्या मनात पहिलं जे आलं ते शिक्षिकेचं होतं: आकृती चुकली. एकतीस वर्षं चुकली. इथं दोन उभ्या रेघा कुठंच नव्हत्या. कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, मग एक रुंद पठार आणि त्याच्या पोटात काळी चीर. जिन्यासारखं सगळं. नदी तर दिसलीच नाही; बऱ्याच वेळानं नातीनं बोट दाखवलं तेव्हा सांडलेल्या दोऱ्यासारखा हिरवा तुकडा दिसला.

जिना मला ओळखीचा होता. नाणेघाटाच्या अंगठ्यावरून कोकणाकडे पाहिलं किंवा जीवधनाची भिंत समोरून पाहिली की हेच दिसतं: कातळकडा, मग गवताळ पदर, पुन्हा कातळ. आपल्या दगडाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत पायऱ्यांना जो शब्द आहे त्यावरून तो आला. कठीण थर कडा होऊन उभा राहतो, मऊ थर उतार होऊन पसरतो. फरक इतकाच की सह्याद्रीच्या पायऱ्या एकाच जातीच्या आहेत, लाव्ह्यावर लाव्हा. इथं मात्र प्रत्येक पायरी वेगळ्या जगाची. सगळ्यात वर कैबाब चुनखडक, म्हणजे उथळ समुद्राचा तळ. माझ्या पायाखालच्या दगडात शिंपल्यांचे ठसे होते, 2100 मीटर उंचीवर. त्याखाली फिकट पिवळसर कोकोनिनो वालुकाश्म, म्हणजे वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या जशाच्या तशा दगड झालेल्या. वाऱ्यानं रचलेल्या तिरक्या रेषा अजून दिसतात आणि काही ठिकाणी त्या वाळूवरून चढून गेलेल्या प्राण्यांच्या पावलांचे ठसेही सापडले आहेत. त्याखाली हर्मिट शेलचा, म्हणजे चिखल दाबून झालेल्या मऊ दगडाचा, लाल उतार, मग सुपाई, मग रेडवॉलचा सलग उंच कडा. या रेडवॉलची गंमत आहे. नावातच लाल भिंत, पण दगड मुळात राखाडी. वरच्या लाल थरांतलं लोह पावसाबरोबर ओघळून भिंतीला रंग चढला आहे. पावसाळ्यात आमच्या कौलांखालच्या पांढऱ्या भिंतीवर ओघळ उतरायचे, तसंच.

आणि इथंच मला त्या मुलाचं उत्तर सापडलं. माहितीफलकावर नाही, उतारांकडे बघत बसल्यावर.

नदीनं दरी खोल केली, रुंद केली नाही. तळाशी नदीची रुंदी सरासरी शंभर मीटरही भरत नाही. तिनं करवतीचं काम केलं, आणि करवतीची खाच पात्याएवढीच पडते, पोरगा बरोबर होता. बाकीचं काम दुसऱ्यांचं. हिवाळ्यात भेगांत पाणी गोठतं, फुगतं, दगड फोडतं. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वळवासारख्या सरी कोसळतात, बाजूच्या कोरड्या घळींतून चिखल-दगडांचे लोंढे खाली येतात. मऊ शेल आधी झिजतो, वरच्या कड्याच्या पायाखालची जमीन जाते आणि कडा ढलप्याढलप्यानं कोसळतो. असा प्रत्येक कडा स्वतःच्या उतारावर मागे मागे सरकत जातो. नदी खाली उभी राहून पडेल ते उचलते आणि घेऊन जाते. घंटागाडीसारखी. घरं पाडायचं काम गाडी करत नाही, पण राडारोडा उचलायला ती आली नसती तर पाडकाम केव्हाच थांबलं असतं.

एक गोष्ट तर इतकी सुरेख आहे की ती मला वर्गात सांगता आली नाही याचं अजून वाईट वाटतं. दरी दोन्ही बाजूंना सारखी रुंद नाही. नदी दक्षिण काठाच्या जवळून वाहते, उत्तर काठ तिच्यापासून खूप लांब. कारण? सगळं पठार दक्षिणेकडे कललेलं आहे. उत्तर काठ दक्षिणेपेक्षा तीनशे-एक मीटर उंच. तिथं पाऊस-बर्फ जास्त, आणि पडलेलं पाणी कलाप्रमाणे थेट दरीत उतरतं, बाजूच्या लांब लांब घळी कोरत. दक्षिण काठावर पडलेलं पाणी मात्र दरीकडे पाठ फिरवून उलट्या दिशेला निघून जातं. म्हणून उत्तरेची भिंत खाऊन खाऊन आत गेली आणि दक्षिणेची जवळच राहिली. हे त्या काठावर उभं राहून डोळ्यांनी दिसतं. आकृतीत मी दोन्ही बाजू अगदी मोजून सारख्या काढायचे.

आणि हवा कोरडी नसती तर हे धारदार कडे राहिलेच नसते. दक्षिण काठावर वर्षाला साधारण 400 मिलिमीटर पाऊस, तळाशी त्याच्या निम्म्याच्या आसपास. चुनखडक भरपूर पावसात विरघळतो. इथं तो कडा होऊन ताठ उभा आहे. नाणेघाटात आठवडाभरात पडतो तेवढा पाऊस इथं वर्षाला.

दुसऱ्या दिवशी मुलगा, सून आणि नात ब्राइट एंजल पायवाटेनं दीड मैलावरच्या निवाऱ्यापर्यंत उतरून यायला गेले. माझ्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला आहे, त्यामुळे मी वरच. आपला ट्रेक कसा, आधी दमायचं, गडावर भाकरी खायची आणि मग उतरायचं. इथं उलटं. ताज्या पायांनी उतरायचं, आणि पाय गळाले की डोंगर सुरू. जेवढं खाली जावं तेवढं ऊनही वाढत जातं. उन्हाळ्यात तळाशी चाळीसच्या वर पारा सहज जातो. काठावर पाइनचं जंगल, तळाशी निवडुंग. सी. हार्ट मेरियम नावाच्या शास्त्रज्ञानं 1889 मध्ये याच भागात फिरून मांडलं की उंचीनुसार वनस्पती अशा बदलतात, जणू मेक्सिकोपासून कॅनडापर्यंतचा प्रवास उभा करून ठेवला आहे. ‘उंची आणि हवामान’ शिकवताना मी महाबळेश्वर आणि महाड यांचं उदाहरण द्यायचे. वाईट नव्हतं तेही.

मी मात्र त्या दिवशी फार लांब गेले. यावापाई या भूशास्त्र संग्रहालयापासून काठाकाठानं उद्यानातल्या गावाकडे एक सपाट वाट जाते, तिला काळाची वाट करून टाकलं आहे. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. जमिनीत पितळी खुणा, दर दहा मीटरवर आकडा, आणि ज्या वयाचा दगड त्या मीटरवर तो खालून आणून ठेवलेला. हात लावायला मुभा. असं काही आमच्या शाळेच्या मैदानावर फक्कीनं आखता आलं असतं, हे सुचायला मला साठी ओलांडावी लागली.

पहिलं पाऊल टाकायच्या आधी हिशेब केला. आपली माणसाची जात तीन लाख वर्षांची धरली तर तीस सेंटिमीटर, एक फूटपट्टी. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक अर्ध्या मिलिमीटरच्याही अलीकडे, खडूच्या रेघेच्या जाडीत मावेल. पाच-सहा मीटर चालले, की कोलोरॅडोनं ही दरी आजच्या रूपात कापायला सुरुवात केली तो काळ आला. दरीचे काही तुकडे त्याहून खूप जुने असावेत, यावर तज्ज्ञांत चांगलीच जुंपलेली आहे. पण आज वाहते तशी सलग नदी पन्नास-साठ लाख वर्षांपूर्वीची यावर बहुतेकांचं एकमत आहे. म्हणजे एवढ्या प्रकाराला माझी दहा-बारा पावलं पुरली.

66 व्या मीटरवर मी थांबले. तिथं एकही दगड नव्हता. इथं असायचं कारणही नाही, पण माझ्यासाठी तो आकडा घरचा होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे भेगांतून लाव्हा वाहत होता, थरावर थर चढत होते. जीवधन, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, माझ्या शाळेच्या पायाचा दगड, घरातला पाटा-वरवंटा, सगळं या मीटरवरचं. मागेपुढे पाहिलं तर वाट मोकळीच. शेजारून एक जोडपं फोटो काढत पुढे गेलं.

काठावरचा कैबाब, सगळ्यात वरचा आणि म्हणून या भिंतींतला सगळ्यात तरुण खडक, 270 व्या मीटरवर आला. त्याच्या अलीकडची सगळी वाट दगडांविना. त्या काळातही इथं थर साचले होते, पण ते झिजून वाहून गेले. म्हणजे सह्याद्रीचा जुन्यातला जुना लाव्हा वाहत होता तेव्हा या दरीच्या भिंतींतला नव्यातला नवा खडक वीस कोटी वर्षांचा झालेला होता. आपण सह्याद्रीला म्हातारा म्हणतो!

मग पुढे मोठी गाळलेली जागा येते. टपीट्स वालुकाश्म पाचशेच्या थोडा पुढे, आणि दरीत कित्येक ठिकाणी त्याला चिकटून खाली जो खडक आहे तो सतराशेच्या घरातला. मध्ये एक रेघ. हाताचा पंजा टेकवला तर अंगठा एका काळात आणि करंगळी शंभर-सव्वाशे कोटी वर्षं मागे. काही भागांत तिरके झालेले थर या मधल्या काळाचा थोडाफार पुरावा सांभाळून आहेत, बाकी ठिकाणी काहीच नाही. युद्धात उजवा हात गमावलेला जॉन वेस्ली पॉवेल 1869 मध्ये लाकडी होड्यांतून या नदीतून गेला, तेव्हा त्यानंही ही विसंगती टिपली होती. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे, त्यात एका ठिकाणी ‘येथे तीन पिढ्यांची नावे उपलब्ध नाहीत’ असं छापलेलं आहे आणि पुढच्या ओळीवर वंशावळ काही झालंच नाही अशी पुढे सुरू होते. ती ओळ वाचताना मला नेहमी वाटायचं, त्या तीन पिढ्याही दुपारी जेवल्या असतील, भांडल्या असतील. इथं काय समुद्र आले असतील, काय डोंगर उभे राहून सपाट झाले असतील, त्याचं नाव-गाव नाही. वर मी एक हजार मीटरहून जास्त अंतर नुसती चालत राहिले, आणि खाली दरीत तेवढ्याला एक रेघ.

सतराशेच्या पुढे काळा, चमकदार, दाबानं पिळवटलेला दगड आला आणि शेजारी पाटी: विष्णू शिस्ट. मी दोनदा वाचली. आसपास ब्रह्मा आणि रामही होते, त्याच तळाचे रूपांतरित खडक. समुद्राखालच्या ज्वालामुखींचं द्रव्य आणि गाळ खोल जमिनीत दडपून, भाजून हे झालं. सगळ्यात जुना 1840 व्या मीटरवर, एल्व्ज कॅझम नाइस नावाचा खडक, 184 कोटी वर्षांचा. विष्णूवर मी हात ठेवला. गार होता.

नावाची कथा अशी की क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञानं 1882 मध्ये या प्रदेशावर मोठा अहवाल लिहिला. दरीतले सुळके त्याला देवळांच्या शिखरांसारखे वाटले आणि त्यानं पूर्वेकडच्या देवांची नावं वाटायला सुरुवात केली. नंतरच्यांनी ती रीत चालवली. आज नकाशात विष्णू, शिव, ब्रह्मा, देव, मनू, बुद्ध, झरतुष्ट्र, कन्फ्यूशियस अशी ‘देवळं’ आणि राम-कृष्णांची ठाणी आहेत. मलाही पहिल्यांदा गुदगुल्या झाल्या, नाकारत नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पाटीचा फोटो टाकला तर दहा मिनिटांत पंचवीस नमस्कार आले आणि एका मावसभावानं ‘तिथंही आपलीच संस्कृती होती’ असा शोध लावला.

त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचत गेले आणि गुदगुल्या ओसरल्या. याच 1882 मध्ये इथल्या मूळच्या हवासुपाई लोकांची राखीव जमीन आवळून 518 एकरांवर आणली गेली. पिढ्यान् पिढ्या हिवाळ्यात काठावर शिकार आणि उन्हाळ्यात तळाशी शेती करणारे हे लोक. 1919 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि काठ पर्यटकांचा झाला. 1975 मध्ये कायद्यानं त्यांना 1 लाख 85 हजार एकर परत मिळाले. ब्राइट एंजल वाटेवरच्या झऱ्याकाठच्या मळ्याचं नाव 2022 मध्ये बदलून ‘हवासुपाई गार्डन्स’ केलं, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी. सुळक्यांना नावं देताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मावसभावाला हे सगळं टंकलं आणि मग पुसून टाकलं. लग्नाच्या हंगामात नाती जपावी लागतात.

संध्याकाळी पोरं वर आली ती मातीनं लाल होऊन. नात आल्या आल्या म्हणाली, “आज्जी, नदी ग्रीन का आहे? बाबा म्हणतो कोलोरॅडो म्हणजे रेड.” बाबा बरोबर. स्पॅनिश लोकांनी तिला तांबूस म्हटलं, कारण ती गाळानं तांबडी असायची. 1963 मध्ये वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले. बहुतेक सगळा गाळ आता धरणाच्या पोटात बसतो आणि जलाशयाच्या खोल थरातलं गार, नितळ पाणी खाली सुटतं. ‘खनन, वहन, संचयन’ ही नदीची तीन कामं मुलं गाण्यासारखी म्हणायची. गाळ हेच नदीचं हत्यार. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे दाखवायला सहल न्यायचे तेव्हा मी हेच सांगायचे, की पाणी कापत नाही, पाण्यातले गोटे कापतात. इथं हत्यारच काढून घेतलं आहे. काठचे वाळूचे पट्टे आकसत गेले, गढूळ आणि उन्हाळ्यात कोमट होणाऱ्या पाण्याची सवय असलेल्या हंपबॅक चब माशाला गार नितळ पाणी मानवेना. 1996 पासून अधूनमधून मुद्दाम मोठा लोंढा सोडून तळातली वाळू काठावर चढवायचे प्रयोग करतात. बाजूच्या घळी मात्र आपला राडारोडा आणून टाकतच आहेत. पूर्वीचे मोठे पूर तो दूर लोटायचे, आता तो तोंडाशी साचून राहतो. घंटागाडी येते, पण अर्धी रिकामीच जाते.

मी हे नातीला इतकं सांगितलं नाही. ती तोवर आकाशात बघत होती. एक भलंमोठं काळं गिधाड पंख न हलवता काठाच्या खालून वर आलं, पंखावर नंबराचा बिल्ला लावलेलं. कॅलिफोर्निया काँडोर. 1982 मध्ये जगात 22 उरले होते. पकडून, वाढवून 1996 पासून या भागात सोडायला लागले. मेलेल्या शिकारीतले गोळ्यांचे शिशाचे कण त्यांना मारतात. आपल्याकडच्या गिधाडांना गुरांच्या औषधातल्या डायक्लोफिनॅकनं मारलं. दोन्हीकडे ताटात वाढलेलं विष. ते दिसेनासं होईपर्यंत आम्ही सगळेच गप्प होतो.

ऊन उतरलं. विष्णूच्या देवळाचा माथा तेवढा पिवळा राहिला. गर्दी पांगली तसं खूप खालून कुठूनतरी खडखड आवाज आला. एक दगड निसटला असावा. आधी मोठा आवाज, मग बारीक बारीक, मग बराच वेळानं आणखी एक टकटक.

“कोणी टाकला?” नातीनं विचारलं.

“कोणीच नाही.”

“मग?”

मुलगा म्हणाला, “आई, अंधार पडेल, निघू या.” मी त्याला दोन मिनिटं थांब म्हटलं. पर्समध्ये पेन होतं, कागद नव्हता. उद्यानाच्या प्रवेशाची पावती सापडली. ती बाकावर पालथी घातली आणि आधी नदी काढली, बारीकच.